चार दिवसांचा परवाना

अर्ज जानेवारीतच करावा लागतो.
वारंवारता, अँटेनाची उंची, जबाबदार व्यक्तीचं नाव.
जबाबदार व्यक्ती मी.
तीन वर्षांपूर्वीपर्यंत म्यूरिएल होती.
तिच्या तक्त्यात अजून एक ओळ आहे:
'चहा – मी बघते.'
ती खोडायला कुणाचा हात धजत नाही,
त्यामुळे चहाचं कुणीच बघत नाही.

आर्नसाइड म्हणजे
खाडीच्या ओठाला चिकटलेलं शीत.
ऑक्टोबरात इथे माणसं येतात, यंदा एकोणसाठ,
आपापले आवाज पिशवीत घालून.
एकीला फ्रीझर हवा, रिकामा, पण चालू.
एकाला चर्चमधले आठ गायक, न गाणारे.
ग्लासगोच्या जोडप्याला झोपायला खोली नको,
नुसता खोलीचा घुमारा हवा, रात्री दोन ते चार.
मी लिहून घेते. खानावळीच्या मिसेस थ्रेलफॉलना फोन करते:
हो, फ्रीझर. नाही, मासे नकोत. आतला आवाज हवाय.
त्या जरा वेळ गप्प होतात.
ते गप्प होणंही
टेपवर घ्यावंसं वाटतं मला. वाईट खोड.

बार्शीत पोस्टाच्या खिडकीशी
वडील वर्षाला पंधरा रुपये मोजून द्यायचे:
ऐकण्याचा परवाना.
पुस्तकात तिकीट, तिकिटावर शिक्का.
सेट दोन वर्षं बंद पडून होता, तेव्हाही भरले.
"ऐकू येत नाही म्हणून काय परवाना बुडवायचा?"
मी इथे बोलण्याचा काढते.
पंचवीस वॅट,
गुरुवार सकाळ ते रविवार मध्यरात्र,
पुढे एक चकार शब्दही गुन्हा.

शनिवारी परिषद. मेथडिस्टांचा हॉल,
खुर्च्या बालवाडीच्या, गुडघे हनुवटीला.
रॉटरडॅमचे प्राध्यापक व्हेरहुल्स्ट वाचत होते:
'अनाहूत ध्वनीचं स्वागत'.
तिसऱ्या पानावर भरतीचा भोंगा झाला.
इथे समुद्र चालत नाही, धावत येतो,
वाळूवर फिरणाऱ्यांना आधी कळवावं लागतं.
प्राध्यापक थांबले. चष्मा काढला.
"हे बंद करता येईल का?"
मला विचारलं, जबाबदार व्यक्तीला.
मागून कुणीतरी फिस्सकन हसलं,
मग सगळ्या छोट्या खुर्च्या एकदम करकरल्या,
आणि हे सारं, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सोडून,
थेट हवेत गेलं.
निधी देणाऱ्यांच्या अहवालात
मी त्याला 'संवाद' म्हटलंय.

रविवारी रात्री अकरा अठ्ठावन्न.
खटक्यावर विल्फचा हात.
तटरक्षक दलात तीस वर्षं
बुडत्या माणसांना वायरलेसवर
बोलत राहा, बोलत राहा सांगितलेला माणूस.
बंद करणं त्याच्या हातून होत नाही.
दरवर्षी तो बसतो, दरवर्षी शेवटी
माझ्याकडे बघतो.
मी केलं.

बारा वाजून नऊ मिनिटांनी फोन.
बाई, खाडीपलीकडच्या ग्रेंजहून,
वय आवाजात भरपूर.
"संपलं का तुमचं? इथे खरखर येतेय.
लांब कुणी रेव चाळत असावं तशी.
छान आहे.
हीपण तुमचीच का?"

विल्फ केबल गुंडाळत होता, कोपरापासून अंगठ्यापर्यंत,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत.
टेबलावर कप, कुणीच न विसळलेले.
परवान्यात बसत नव्हतं.
हो म्हणाले. सकाळपर्यंत आहे.

मग आमचाही सेट लावला
आणि ऐकत बसले.
त्या बंद पडलेल्या दोन वर्षांचे पैसे
भरलेले आहेतच.